‘ऊन लागलंय’ लिहिण्याआधी: कॅज्युअल्टीतल्या या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे डोकं धरून आलेल्या माणसाचं निदान दारातच झालेलं असतं. नातेवाईक म्हणतात ऊन लागलं, सिस्टर म्हणते ऊन लागलं, नवा इंटर्न केसपेपरवर तेच लिहितो. मग सलाइन, दुखणं थांबवायला डायक्लोफेनॅक, पित्तासाठी पॅन्टोप्राझोल. पुढचा पेशंट.

मीही हेच केलं होतं. हिंगोली जिल्ह्यातलं ग्रामीण रुग्णालय, हळदीचा हंगाम, पारा ४२ वर. चाळिशीतला गडी पोतं उचलताना मटकन खाली बसला होता. "डोक्यात फटाका फुटल्यावानी झालं," असं त्यानं स्वतः सांगितलं. मी ऐकलं, पण लिहिलं नाही. इंजेक्शननं अर्ध्या तासात उतार पडला. "बरं वाटायलंय साहेब, जाऊ द्या." जाऊ दिलं. पहाटे जीपमधून आणला तेव्हा बेशुद्ध होता. सीटीत मेंदूभोवती रक्त. अशी फुटलेली रक्तवाहिनी पुन्हा फुटायचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असतो, आणि त्याच वेळात मी त्याला घरी धाडला होता.

इंजेक्शननं दुखणं थांबलं म्हणजे काही गंभीर नाही, हे डोक्यातून काढा. रक्तस्रावाचं दुखणंही गोळीला दबतं.

आणि दुखणं किती आहे यापेक्षा ते टोकाला किती वेळात गेलं, हे आधी विचारा. लोकांना मिनिटं सांगता येत नाहीत. म्हणून मी विचारतो, "चप्पल पायात सरकवायला लागतो तेवढ्या वेळात, का चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या?" चप्पल म्हणाला की डोक्याचा सीटी स्कॅन. दुखणं सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत, चांगल्या मशीनवर काढलेला आणि जाणत्यानं पाहिलेला सीटी बहुतेक रक्तस्राव पकडतो. त्यानंतर सीटीत काही दिसलं नाही, एवढ्यावर भागत नाही, पाठीतलं पाणी काढावं लागतं. त्यात रक्तामुळे आलेला पिवळेपणा १२ तासांनंतर नीट दिसतो. म्हणून रेफर चिठ्ठीवर दुखणं सुरू झाल्याची वेळ घड्याळातली लिहा. ‘सकाळपासून’ लिहिलेल्या चिठ्ठ्या पाहून माझंच डोकं दुखतं.

दुसरी चीड बीपीची. १८०/१०० दिसलं की जिभेखाली निफेडिपिनची (बीपी उतरवणारी) कॅप्सूल फोडणारे अजून आहेत. अरे बाबा, दुखतंय म्हणून बीपी वाढलंय! धाडकन पाडलंत तर मेंदूचा रक्तपुरवठाच कमी होतो. आधी दुखणं कमी करा, अंधारात पडू द्या, अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. शुद्ध हरपतेय, झटका आलाय, दिसेनासं झालंय किंवा हातपाय लुळे पडलेत, तर गोष्ट वेगळी. तिथं काम शिरेतल्या औषधाचं, तेही मोजूनमापून.

बाई असेल तर पोटुशी आहे का, बाळंत होऊन किती दिवस झाले, हे पहिल्या ओळीत यायला हवं. ‘बाळंतिणीला अशक्तपणा असतोच’ म्हणून परत पाठवू नका. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत बीपीचा विकार झटक्यांपर्यंत जाऊ शकतो. मेंदूच्या शिरेत गुठळीही होते, आणि ती साध्या सीटीत कधीकधी दिसतच नाही. मनात शंका असेल तर एमआर व्हेनोग्राफीसाठी (मेंदूच्या शिरा दाखवणाऱ्या एमआरआयसाठी) पाठवा.

डोळा लाल, बुबुळ धुरकट आणि उलट्या: काचबिंदू. पित्त नाही.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी आणि भाकरी चावताना दुखणारा जबडा: डोक्याच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. ईएसआर ही रक्ताची तपासणी बघा, नजर जायच्या आत स्टेरॉइड सुरू करा.

थंडीत बंद खोलीत शेगडी आणि घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतंय: शेगडीचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड). ऑक्सिजन लावा. बोटावरच्या मशीननं ऑक्सिजन ९८ टक्के दाखवला तरी भुलू नका.

अर्धशिशीच आहे अशी खात्री पटली, तर मी मेटोक्लोप्रमाइड (उलटी थांबवणारं, अर्धशिशीलाही चालणारं औषध) १० मिलिग्रॅम शिरेतून १५ मिनिटांत हळू सोडतो. घाईनं ढकललं की पेशंट जीव कासावीस होऊन खाटेवरून उठून पळायला बघतो. ट्रॅमाडॉल या सवय लावणाऱ्या वेदनाशामकाचा मोह नको. तो पेशंट आठवड्याभरात तेच इंजेक्शन मागायला येतो.

सुट्टी देण्याआधी मी प्रत्येकाला दारापर्यंत चालवून आणतो. खाटेवर ठणठणीत दिसणारा माणूस कधी चौथ्या पावलाला झोकांडी खातो. इंटर्नना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

ताप आणि मान ताठ असेल, तर मेंदूज्वराची शंका घ्या, सीटीच्या रांगेत ताटकळू नका. शक्य असेल तर ब्लड कल्चर (जंतू शोधायला रक्त) घ्या, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून द्या, मग १०८ बोलवा.