खिडक्यांच्या लाईटवरून निरोप: कथेत हा सीन कसा बसवायचा

रात्री समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांतले लाईट लावून-बंद करून कुणीतरी निरोप द्यायलंय, असा सीन लिहायचाय ना, मग पहिले खिडक्या मोजा. इंग्रजी आकडा काढायचा तर कमीत कमी ३ खिडक्या रुंद आणि ५ मजले उंच जागा लागते. बर्लिनमध्ये २००१ ला लोकांनी हे खरंच केलंय, 'हाउस डेस लेहरर्स' नावाच्या बिल्डिंगचे वरचे ८ मजले, आडव्या १८ खिडक्या, म्हणजे १४४, प्रत्येकीमागं एक दिवा आणि सगळं कॉम्प्युटरवर. आपल्या कथेत एवढं कुठलं, आपल्याला लातूरचं एखादं क्लासवाल्या पोरींचं होस्टेल बास झालं.

मराठी अक्षरांच्या नादी लागू नका. शिरोरेघेतच एक अख्खा मजला जातो, वर वेलांटी खाली उकार, आणि सगळा मजला एकदम उजळला तर रेक्टरबाई झोपतील का? आकडाच घ्या, गाडीची वेळ म्हणून.

आणि फोन का नाही, हे आधीच सांगून टाका नाहीतर वाचक तिथंच पुस्तक बंद करतो. मोबाईल रेक्टरकडं जमा, विषय संपला. खिडकीला आतून पांढरी चादर लावायला सांगा, उजेड सारखा पसरतो. निरोप वाचणारा पोरगा बिल्डिंगच्या बुडाशी नको, दोन-तीनशे मीटर लांब एखाद्या गच्चीवर उभा करा.

आता खरी गंमत. आतून बघून कागदावर नकाशा काढला की डावं-उजवं उलटतं, इंग्रजीतला २ बाहेरून सरळ ५ दिसतो, म्हणजे पोरगी दोनच्या गाडीनं निघणार आणि पोरगा पाचला स्टँडवर येणार. ८ ला उलटायची भीती नाही पण त्याला १३ खिडक्या लागतात, आणि त्यातली खालून दुसऱ्या मजल्यावरची, बाहेरून बघताना डावीकडची, एकच बंद राहिली की झाला ९! मला तर अख्ख्या कथेला हीच एक खिडकी पुरेशी वाटते, लई मोठं कारस्थान रचायची गरजच नाही. फक्त त्या खोलीची ट्यूब लवकर पेटत नाही, स्टार्टर खराब झालाय, हे दोन-तीन पानं आधी सहज बोलण्यात येऊ द्या, पोरी स्टार्टर फिरवत बसल्यात वगैरे, नाहीतर लेखकानं ऐनवेळी सोय करून घेतली असं लोक म्हणणारच.