आधी स्टेशन, मग हॉटेल: बँकॉकला जाण्यापूर्वीची यादी

डोंबिवलीत घर बघायला गेलो की आपण पहिलं काय विचारतो? स्टेशनपासून किती लांब. एजंट म्हणतो ‘पाच मिनिटं’, आणि आपण मनातल्या मनात तीनने गुणतो. बँकॉकला हॉटेल शोधताना मात्र हीच आपण माणसं स्विमिंग पूलचे फोटो बघून भुलतो. मीही भुलले होते. पहिल्या खेपेला गच्चीवरच्या निळ्या पाण्यापायी जे हॉटेल घेतलं ते एका सॉयच्या पार शेवटच्या टोकाला निघालं. सॉय म्हणजे गल्ली. उच्चार आपल्या ‘सोय’च्या जवळ जातो, पण एप्रिलच्या उन्हात, सासूबाईंच्या गुडघ्यांसकट दिवसातून चार वेळा ती सॉय तुडवणं ही शुद्ध गैरसोय होती. पूलमध्ये चार दिवसांत एकदा उतरलो. दुसऱ्या खेपेआधी मी ही यादी केली. तेव्हापासून सोसायटीतलं कुणी ना कुणी ती मागतंच, म्हणून आता नीट लिहून काढते.

हॉटेलची साइट उघडण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: कोण कोण येणार, किती रात्री, विमान कुठल्या विमानतळावर उतरणार आणि किती वाजता. शेवटची गोष्ट सगळेच विसरतात. मुंबईहून बँकॉक साधारण साडेचार तास, आणि तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. मध्यरात्री निघालेलं विमान सकाळी सहाच्या आसपास उतरतं आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोनला. म्हणजे आठ तास तुम्ही बॅगांवर डोकं टेकून लॉबीत. तरुण असाल तर बॅगा काउंटरवर ठेवा, तोंड धुवा आणि सरळ फिरायला निघा. सकाळी साडेआठला उघडणारा राजवाडा गाठायला याहून चांगली वेळ नाही. (गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे मात्र हाताशी ठेवा, नाहीतर फाटकावरून परत यावं लागेल.) बरोबर लहान मूल किंवा सत्तरीचं माणूस असेल तर आदल्या रात्रीचे पैसे भरून टाका, तिथे कंजूषपणा नको. आणि तसं बुकिंग केलंत तर हॉटेलला मेल करून ‘आम्ही पहाटे पोचतोय’ हे कळवा. रात्री कुणी आलं नाही म्हणून बुकिंग रद्द झालं तर भांडायला जागा राहत नाही.

विमानतळ दोन आहेत. पूर्वेकडचा सुवर्णभूमी (नाव ऐकूनच बरं वाटतं) आणि उत्तरेकडचा जुना डॉन मुआंग. सुवर्णभूमीच्या तळमजल्याखालून निघणारी एअरपोर्ट रेल लिंक अर्ध्या तासाच्या आत फाया थायला पोचवते आणि तिथे स्कायट्रेन, म्हणजे उंचावरून धावणारी शहरातली रेल्वे मिळते. वाटेत माक्कासानला उतरलात तर मेट्रो मिळते. डॉन मुआंगहून लाल लाइनने क्रुंग थेप अफिवात या मोठ्या स्टेशनला यायचं आणि पुढे मेट्रो धरायची. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर हा खटाटोप करू नका, मीटरची टॅक्सी घ्या. मीटरवर विमानतळाचे ५० बाट जास्त पडतात, टोल आपण भरायचा, यात फसवणूक काही नाही.

आता खरं काम. हॉटेलांचा नकाशा मिटवा आणि रेल्वेचा नकाशा उघडा. स्कायट्रेन, म्हणजे बीटीएस, १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन मूळ लाइन सियामला भेटतात. आपल्या दादरसारखं समजा, फक्त धक्काबुक्की कमी. भुयारी मेट्रो २००४ ची. तिची निळी लाइन २०१९ मध्ये जुन्या शहराखालून नदीपलीकडे गेली आणि बँकॉकचं गणितच बदललं. आता वाट फोच्या (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) जवळ सनाम चाय हे स्टेशन आहे, चायनाटाउनला वाट मांगकोन. नकाशावर चार ठिकाणी गोल करा. सियाम. असोक, जिथे स्कायट्रेन आणि मेट्रो एकमेकींना छेदतात. साला डेंग, तिथेही तेच. आणि सफान ताक्सिन, जिथे स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की चाओ फ्राया नदीवरच्या बोटींचा धक्का. या चारपैकी एखाद्या स्टेशनवर, किंवा तिथून एकदोन स्टेशनं इकडेतिकडे राहिलात, की अर्धी सहल सोपी.

मग अंतर मोजा. हॉटेलवाल्याचं ‘४०० मीटर’ बहुतेकदा कावळ्याच्या उड्डाणाचं, म्हणजे सरळ रेषेतलं असतं. बँकॉकच्या कित्येक सॉय पुढे बंद होतात, एकमेकींना मिळतच नाहीत. नकाशावर पाठीला पाठ लावून असलेल्या दोन इमारतींमधलं पायी अंतर किलोमीटरभर निघू शकतं. म्हणून स्टेशनच्या नावापासून नव्हे, त्या स्टेशनच्या नेमक्या एक्झिटपासून हॉटेलच्या दारापर्यंतची पायवाट मोजा. सात मिनिटांवर गेलं की मी ते हॉटेल सोडून देते. रस्त्याचे फोटो दिसतात तेही बघून घ्या: फूटपाथ सलग आहे का, की खांब, वायरींची भेंडोळी आणि खाऊच्या गाड्यांमधून चाकाची बॅग उचलून न्यायची आहे?

ईस्ट-वेस्टचा प्रश्न इथेही आहेच. असोक स्टेशन ज्यावर आहे त्या सुखुमवित रस्त्याच्या उत्तरेला विषम आकड्यांच्या सॉय, दक्षिणेला सम. आकडे जवळचे म्हणून गल्ल्या समोरासमोर असतील असं नाही. रस्ता एवढा रुंद की ओलांडायला पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि स्टेशनची लिफ्ट सगळ्या एक्झिटना नसते. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कुठल्या बाजूला उतरते ते आधी शोधा आणि हॉटेल त्याच बाजूला घ्या.

इतकं झालं की मोहल्ला आपोआप दोन-तीनवर येतो. तरी माझी मतं सांगून ठेवते. पहिल्यांदाच सहकुटुंब जात असाल तर असोक ते फ्रोम फोंग हा पट्टा बरा. असोकला मॉलच्या फूड कोर्टात स्वस्तात पोट भरतं, फ्रोम फोंगला स्टेशनशेजारीच बाग आहे, जपानी कुटुंबांची वस्ती असल्याने संध्याकाळ शांत असते. असोकच्या एक स्टेशन अलीकडचं नाना भारतीय जेवणासाठी सोयीचं, पण तिथल्या काही गल्ल्यांची रात्र वेगळीच असते. दहा वर्षांच्या मुलाला ‘त्या ताया तिथे का उभ्या आहेत’ याचं उत्तर द्यायची तयारी नसेल तर सॉय ४ टाळा. सियाम-चित लोम महाग, पण दोन स्टेशनांमधला उंचावरचा पादचारी मार्ग म्हणजे म्हाताऱ्या माणसांवर उपकार आहेत. खिसा आखडता असेल तर पुढे ओन नुटला जा. स्टेशनजवळ मोठी सुपरमार्केटं आहेत आणि तेवढ्याच पैशात खोली प्रशस्त मिळते.

साला डेंग स्टेशनजवळचं सिलोम मला स्वतःला आवडतं. दिवसा ऑफिसवाल्यांचं, म्हणून दुपारचं जेवण स्वस्त; सकाळी लुंफिनी बागेत चालायला जावं तर तळ्याकाठी घोरपडीच्या जातीचे हे भले मोठे प्राणी ऊन खात पसरलेले. सिलोम रस्त्यावरच तमिळ लोकांनी बांधलेलं मरिअम्मनचं देऊळ आहे. स्थानिक लोक त्याला वाट खेक म्हणतात आणि तिथे दर्शनाला थाई माणसंच जास्त दिसतात. नवरात्रात जात असाल तर विजयादशमीच्या रात्री इथली मिरवणूक बघण्यासारखी असते. फक्त त्या दिवशी रस्ते बंद असतात, टॅक्सी हॉटेलच्या दारात येणार नाही हे धरून चाला.

प्रतूनाम हा आपल्याकडच्या टूरवाल्यांचा लाडका भाग. कपड्यांचा घाऊक बाजार, आसपास भारतीय जेवण, खोल्या स्वस्त. खरेदीच करायची असेल तर जरूर राहा. पण स्कायट्रेन दारात नाही, राचाथेवी किंवा चित लोमपर्यंत पायपीट आहे, आणि संध्याकाळची वाहतूक बघून घोडबंदर रोड आठवतो. शिवाय ऑरेंज लाइन या नव्या मेट्रोचं भुयारी काम याच बाजूने चालू आहे, तेव्हा ताज्या रिव्ह्यूंमध्ये खोदकामाचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. जुनं शहर, म्हणजे रत्तनाकोसिन आणि खाओसानच्या बाजूचा बांगलांफू, देवळं आणि नदी बघायला फार गोड; स्कायट्रेन तिथवर जात नाही, पण बोट जाते. खाओसान रस्त्यावर मात्र झोप मिळत नाही, दोन गल्ल्या सोडून राहा. नदीकाठची मोठी हॉटेलं सफान ताक्सिनहून स्वतःची बोट सोडतात. ऐकायला छान, पण शेवटची बोट किती वाजता ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

खाण्याचा मुद्दा मोहल्ला ठरवतानाच घ्या, नंतर नाही. घरात कडक शाकाहारी असतील तर हॉटेलपासून चालत जाता येईल अशा दोन जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवा, कारण साध्या परतलेल्या भाजीतसुद्धा मासळीचा सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दिसलं की निर्धास्त आत शिरा: मांस, मासे, अंडं, दूध, एवढंच काय, कांदा-लसूणही नाही. कंद चालतात, म्हणजे पुरतं जैन नव्हे. नुसत्या शाकाहाराला थाई शब्द ‘मंगसविरत’. मांस-विरती, आपलाच शब्द दूरदेशी जाऊन स्थायिक झालेला. फाहुरात या जुन्या भारतीय बाजारात मोठा गुरुद्वारा आहे, साम योत स्टेशनवरून तिथे चालत जाता येतं. हॉटेलचा नाश्ता शाकाहाऱ्यांसाठी बहुधा तोट्याचा. टोस्ट आणि कलिंगडासाठी माणशी तेवढे पैसे देण्यापेक्षा नाश्त्याविना खोली घ्या. कोपऱ्यावरचं सेव्हन-इलेव्हन चोवीस तास उघडं असतं.

ऋतूचा मोहल्ल्याशी संबंध असतो, हे मला भिजल्यावर कळलं. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे पाण्याची रंगपंचमी म्हणा. सिलोम आणि खाओसान ही त्याची मुख्य ठिकाणं. तिथे राहिलात तर हॉटेलच्या दाराबाहेर कोरडं पाऊल टाकता येत नाही. मुलं खूश, सासूबाई नाखूश. मे ते ऑक्टोबर पाऊस. तेव्हा खोलगट सॉयमध्ये पाणी तुंबतं, म्हणून पावसाळ्यात स्टेशनला अगदी चिकटलेलं हॉटेल हवं. दिवाळीची सुट्टी बरी, पण परतीच्या सरी असतात.

आता खोली. स्वस्तात खिडकी नसलेल्या खोल्याही विकतात, आणि हे बारीक अक्षरात असतं. आम्ही एकदा अशा खोलीत राहिलो आहोत. सकाळ झाली हे फोनवरून कळायचं. तेव्हा खोलीच्या प्रकारात ‘खिडकी’ हा शब्द शोधाच. दोन पलंग की एक मोठा, तिसऱ्या माणसाला खरा पलंग की नुसती गादी, मुलाचं कितव्या वर्षापर्यंत फुकट, शेजारी-शेजारी दोन खोल्यांना मधून दार आहे का, हे मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. किटली बहुतेक ठिकाणी असते, चहाची पावडर मात्र घरची न्या. संडासात जेट स्प्रे असतो, ती काळजी सोडा. वीज आपल्यासारखीच २२०-२३० व्होल्ट, दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन गोल पिनांचा नाही. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ खोलीत न्यायला बंदी असते आणि दंड सणसणीत असतो. कुतूहल असेल तर ते रस्त्यावर उभं राहूनच भागवा.

भावाच्या आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट लागतो. १००० बाटचे ११७७ होतात. तुलना करायची ती शेवटच्या पानावरच्या रकमेची. डिपॉझिट रोख घेतात की कार्डावर अडकवून ठेवतात तेही विचारा, कारण कार्डावरचे पैसे सुटायला वेळ लागतो. रिव्ह्यू नवे आधी या क्रमाने लावा आणि आपल्यासारख्या कुटुंबांनी लिहिलेले वाचा. पंचविशीतल्या एकट्या मुलाला जे ‘चैतन्यमय’ वाटतं ते आपल्याला रात्री दोनला ऐकू येतं.

अपार्टमेंट स्वस्त पडतं म्हणून मोह होईल. स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन मिळतं, खरं आहे. पण हॉटेलचा परवाना नसताना ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने जागा भाड्याने देणं थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यात बसत नाही, आणि बऱ्याच इमारतींच्या लॉबीत तशी पाटीच लावलेली असते. मालकाने ‘कुणी विचारलं तर मित्र आहे म्हणून सांगा’ असं सुचवलं की मी तिथेच थांबते.

बुकिंग झालं की पत्ता एकदा पडताळा. एकाच नावाची तीन-तीन हॉटेलं असतात, शेपटीला फक्त मोहल्ल्याचं नाव वेगळं. हाच पत्ता थायलंडमध्ये शिरण्यासाठीच्या डिजिटल अरायव्हल कार्डात भरायचा आहे. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते तिकीट काढतानाच दूतावासाच्या पानावर बघा.

आणि शेवटी चिठ्ठ्या. हॉटेलला मेल करून नाव-पत्ता थाई लिपीत मागवा, मोठ्या अक्षरात छापा, खाली हॉटेलचा फोन आणि जवळच्या स्टेशनचं नाव एक्झिटच्या नंबरासह लिहा. माणशी एक प्रत, प्लॅस्टिकच्या पाकिटात. टॅक्सीवाल्याला आपलं इंग्रजी स्पेलिंग वाचता येईलच असं नाही. सासूबाईंनी त्यांची चिठ्ठी बटव्यात देवीच्या फोटोमागे ठेवली होती. फाहुरातच्या गर्दीत अर्धा तास चुकामूक झाली तेव्हा त्या ती चिठ्ठी दाखवून टुकटुकने आमच्या आधी हॉटेलवर पोचल्या आणि लॉबीत थंड पाणी पीत बसल्या होत्या.