पिल्लाला आधी ऊब, मग दूध: शेल्टरमध्ये काम करताना या चुका टाळा

कुडाळजवळच्या एका प्राण्यांच्या शेल्टरमध्ये मी दर रविवारी जाते. कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हापासून. जीव लावला की पुरे, असं सुरुवातीला वाटायचं. तसं नसतं, हे जुलैतल्या एका सकाळी कळलं.

रात्रभर पाऊस कोसळत होता. कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात कुत्र्याची तीन पिल्लं घालून गेटापाशी ठेवून गेलं होतं. सगळ्यात धाकटं गारठून दगडासारखं झालेलं. मी धावत जाऊन गाईचं दूध कोमट केलं, तान्ह्या बाळासारखं त्याला उताणं घेतलं आणि सिरिंजने पाजायला लागले. तिथल्या काकांनी माझा हात धरला. "आधी तेका ऊब दी गो, मगे खावक घाल."

गारठलेल्या पिल्लाच्या पोटाचं काम मंदावलेलं असतं. दूध पचत नाही, आतच नासतं. उताणं धरून पाजलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून आधी कोरड्या टॉवेलात घ्या. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि हळूहळू ऊब द्या. अंगाला ऊब आली, पिल्लू चोखायला लागलं की पोटावर पालथं ठेवून थेंबथेंब पाजा. गाईच्या दुधाने जुलाब होतात. पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर मिळते, तीच वापरा. त्या तिघांतली दोन जगली. धाकटं नाही जगलं.

दुसरी चूक तितकीच महागात पडते: आजारी कुत्र्याच्या पिंजऱ्यातून सरळ पिल्लांकडे जाणं. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू चपलांवरून, कपड्यांवरून पसरतो आणि जमिनीत महिनोन्महिने टिकतो. आपण घराघरात वापरतो त्या फिनेलने तो मरत नाही. आधी घाण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्यायचं. मांजरांच्या खोलीत तर फिनेल नेऊच नका, त्यांना ते विषारी आहे. कामाचा क्रमही ठरलेला हवा: निरोगी पिल्लं आधी, आजारी जनावरं शेवटी.

"जरासंच ओरखडलंय" म्हणून गप्प बसू नका. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दात लागला, नख लागलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पुरे करा, कुत्रं धडधाकट दिसत असलं तरी. कामाला लागण्याआधीच प्रतिबंधक लस घेतली तर उत्तमच.

पावसाळ्यात अनवाणी पिंजरे धुऊ नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे येणारा ताप, आपल्या सिंधुदुर्गाला नवा नाही आणि तो उंदरांच्याच नव्हे, कुत्र्यांच्या मुतातूनही येतो. पायाला चीर असेल तर गमबूट हवेतच. मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

आणखी एक चूक मायेपोटी होते. नसबंदी झालेल्या कुत्रीला "तिथे नको, चांगल्या वस्तीत सोडूया" असं वाटतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार तिला पकडलं त्याच जागी सोडावं लागतं, आणि ते योग्यच आहे. नव्या जागेतली कुत्री तिला फाडतात, शिवाय खाणं कुठे मिळतं हे तिला ठाऊक नसतं. मालवणच्या बंदरावरून आणलेल्या एका तांबड्या कुत्रीसाठी मी काकांशी वाद घातला होता. शेवटी तिला सोडायला मीच गेले. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर ती क्षणभर वास घेत उभी राहिली, मग मासळीच्या टोपल्यांमधून वाट काढत थेट एका मावशीच्या पायाशी जाऊन बसली. मावशी म्हणाली, "इलंस गो?" आणि एक बांगडा तिच्यापुढे टाकला.