लार्ज सेंटची व्हरायटी ओळखताना या चुका टाळा

१८०४ चा अमेरिकन लार्ज सेंट, म्हणजे एका सेंटचं जुनं, मोठं तांब्याचं नाणं, हातात आला की बहुतेक जण आधी तारखेतला चार न्याहाळतात. चूक तिथेच होते. ते वर्ष दुर्मीळ असल्यामुळे दुसऱ्या वर्षाचा शेवटचा आकडा कोरून चार केलेली नाणी बाजारात फिरतात, आणि हात बसलेला कारागीर असेल तर भिंगाखालीही संशय येत नाही. म्हणून आधी शून्य बघा. अस्सल १८०४ ची एकच व्हरायटी, म्हणजे नाणं पाडणाऱ्या पुढच्या-मागच्या ठशांची (डायांची) एकच जोडी आहे; संग्राहकांच्या यादीत ती शेल्डन क्रमांक २६६. तिच्यात तारखेतल्या शून्याच्या बरोबर पाठीमागे ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’तल्या ‘ऑफ’मधला ‘ओ’ येतो. नाणं चिमटीत धरा, अंगठा शून्यावर आणि तर्जनी ‘ओ’वर. बोटं समोरासमोर येत नसतील तर पैसे मोजू नका. आणखी एक सापळा आहे. १८६० च्या सुमारास टाकाऊ डाया वापरून खासगीत १८०४ चे सेंट पाडले गेले. त्यांची पुढची डाय १८०३ ची, तारीख बदललेली, आणि मागची चक्क १८२० ची!

हे अक्षरं-आकड्यांच्या जागांवरून ओळखता येतं, कारण फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत तेव्हा डायवरची अक्षरं आणि आकडे एकेक पंच हाताने ठोकून उठवत. दोन डायांमध्ये अंतरं तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे ‘अक्षर जाड दिसतंय’ यावर कधीच विसंबू नका. झिजलं की प्रत्येक अक्षर पसरतं. मागच्या पुष्पचक्रातलं कोणतं फळ कोणत्या अक्षराखाली आहे, तारखेचा शेवटचा आकडा पुढच्या स्त्रीप्रतिमेच्या छातीच्या किती जवळ आहे, हे मात्र बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्यावरही मोजता येतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एकाच बाजूवरून निकाल देणं. शेल्डन क्रमांक दोन डायांच्या जोडीला असतो आणि एक डाय अनेक जोड्यांत वापरली जाई. १८०१ च्या प्रसिद्ध ‘तीन चुकां’च्या सेंटचंच घ्या. मागे अपूर्णांक १/१०० ऐवजी १/०००, ‘युनायटेड’मधला यू दोन आयसारखा आणि पुष्पचक्राचा एक देठ गायब. नुसतं १/००० दिसलं की लोक हुरळून जातात. पण तो अपूर्णांक १८०१ च्या दुसऱ्या डायांवर आणि १८०२ वरही सापडतो. तिन्ही चुका एकत्र दिसल्या तरच शेल्डन २१९.

तांब्याचा तांब्या चिंचेने घासायची आपली सवय इथे कृपा करून विसरा. रंग जातो, किंमतही जाते.

ओरखडा आणि डायची चीर यांतही गल्लत होते. चीर डायला पडते, त्यामुळे नाण्यावर ती उंच रेघ होऊन उमटते. ओरखडा खोल असतो. फोटोत उंच आणि खोल उलटे भासू शकतात, म्हणून उजेड कुठून येतोय हे आधी अक्षरांच्या सावलीवरून ठरवा.

आणि चीर नाही म्हणजे व्हरायटी वेगळी, असंही नाही. डाय काम करता करता तुटत जाते. २६६ चीच गोष्ट घ्या. काही नाण्यांवर पुढे ‘लिबर्टी’च्या शेवटच्या अक्षरांवर आणि मागे ‘अमेरिका’च्या मधल्या अक्षरांवर कडेला उंच, सपाट ढेकूळ दिसतं, कारण तिथला डायचा तुकडा उडाला होता. ढेकूळ नसलेलं नाणंही २६६ च आहे, फक्त आधी पाडलेलं.