फॅटी अॅसिडचा नंबर कसा वाचायचा

फॅटी अॅसिड म्हणजे तेल-तुपातली कार्बनची लांब साखळी, एका टोकाला अॅसिड असलेली. स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक, लिनोलेनिक ही त्यांची नावं पाठ करत बसू नका, शेवटच्या दोनांत सगळ्यांचाच गोंधळ होतो. नंबर वाचायला शिका, नावापेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं.

१८:२ एन-६ घ्या. १८ म्हणजे साखळीतले एकूण कार्बन, अॅसिडच्या टोकाचा कार्बनही धरून, तो सोडला की पुढचं सगळं चुकतं. २ म्हणजे किती डबल बाँड, म्हणजे शेजारच्या दोन कार्बनमधले दुहेरी जोड. आणि एन-६ म्हणजे अॅसिडच्या उलट्या टोकाकडून मोजत आलात की पहिला डबल बाँड सहाव्या कार्बनवर लागतो, ओमेगा-६ म्हणतात ते हेच.

आता कागदावर काढाच, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. नागमोडी रेघ, १८ कार्बन, एका टोकाला अॅसिड. अॅसिडकडून मोजायचं तर १८ वजा ६, म्हणजे एक बाँड १२ वर. खाण्यातल्या बहुतेक फॅटी अॅसिडमध्ये डबल बाँड दर तिसऱ्या कार्बनवर येतात, मग दुसरा ९ वर, झालं लिनोलेइक. १८:३ एन-३ केलंत तर १५, १२, ९ येतील, ते अल्फा-लिनोलेनिक. २२:६ एन-३, म्हणजे डीएचए, स्वतः करून बघा, शेवटचा ४ वर यायला हवा.

हे आकडे महत्त्वाचे का, तर आपलं शरीर अॅसिडकडून मोजलेल्या नवव्या कार्बनच्या पुढे नवीन डबल बाँड घालू शकत नाही. ओलेइक (१८:१ एन-९) घरचं बनतं, १२ आणि १५ वाले खाण्यातूनच यावे लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या शास्त्रज्ञ दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांच्या आहारातून फॅट काढून हे दाखवायला सुरुवात केली, मला हा प्रयोग फार आवडतो.

वितळणं पण नंबरवरून कळतं. स्टिअरिक (१८:०) सरळ, दाटीने बसतं, ६९ अंशाला वितळतं. सिस डबल बाँडने (साखळीचे दोन्ही तुकडे बाँडच्या एकाच बाजूला) साखळी वाकते, म्हणून ओलेइक साधारण १३ ला, लिनोलेइक उणे ५ ला. पण इथे एक मोठी अडचण आहे, नुसता नंबर सिस की ट्रान्स (तुकडे विरुद्ध बाजूंना) ते सांगत नाही! ओलेइकचाच ट्रान्स भाऊ इलेडिक, नंबर तोच १८:१ एन-९, पण साखळी जवळजवळ सरळ, म्हणून ४५ अंशाच्या आसपास वितळतो. तेव्हा सिस-ट्रान्स वेगळं बघायचंच.

शेवटचं, खवट होणं. दोन डबल बाँडच्या मधला कार्बन सगळ्यात कच्चा, त्याचा हायड्रोजन पटकन सुटतो आणि ऑक्सिजन तिथे घुसतो. असे कार्बन डबल बाँडपेक्षा एक कमी असतात, ओलेइकमध्ये शून्य, १८:२ मध्ये एक, १८:३ मध्ये दोन, डीएचएमध्ये पाच. त्यामुळे १८:३ भरपूर असलेलं तेल, जसं जवसाचं, तळायला घेऊ नका, छोटी बाटली आणा, झाकण घट्ट लावून अंधारात थंड ठेवा आणि उघडल्यावर लवकर संपवा.