सर्व्हर आपोआप रीबूट झाला? शोध घेताना या चुका टाळा

नागपुरातल्या बऱ्याच लहान-मोठ्या धंद्यांचे सर्व्हर आता नागपुरात नसतात. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याचं टॅली मुंबईतल्या भाड्याच्या विंडोज मशीनवर चालतं, धरमपेठेतल्या ऑफिसची वेबसाइट जर्मनीतल्या लिनक्स सर्व्हरवर असते आणि परसोडीच्या आयटी पार्कातली टीम मशीन कुठल्या इमारतीत आहे हे न बघताच क्लाउडवर काम करते. असं मशीन रात्री कधीतरी स्वतःहून बंद होऊन सुरू झालं, की सकाळी फोन येतो: "भाऊ, काहून बंद पडून राहिला हा सर्व्हर?" उत्तर द्यायची घाई होते आणि त्या घाईत पुराव्याची वाट लागते. असे रीबूट गूढ राहतात ते बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात केलेल्या कामांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

रीबूट झालाय का, हेच न तपासणं

मे महिन्यात दुपारी दुकानाची लाईट जाते, राऊटरची बॅटरी संपते, रिमोट डेस्कटॉप तुटतो. दुकानदाराच्या लेखी सर्व्हरच बंद पडला. म्हणून आधी मशीन किती वेळ सुरू आहे ते बघा. लिनक्सवर 'अपटाइम' कमांड, विंडोजवर टास्क मॅनेजरमधला 'अप टाइम'. तो आकडा काही आठवड्यांचा असेल तर रीबूट विसरा आणि नेटवर्ककडे वळा. डॉकर कंटेनरच्या (मशीनवर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या अ‍ॅपच्या) आत हा आकडा विचाराल तर तो खालच्या होस्टचा, म्हणजे मूळ मशीनचा मिळतो. त्यामुळे कंटेनर पुन्हा सुरू झाला आणि होस्ट जागचा हललाच नाही, असंही असू शकतं.

प्रकार ठरवण्याआधी कारणाच्या मागे लागणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रॅम खराब असेल, हॅक झाला असेल, लोड वाढला असेल, अशा अंदाजांना अंत नाही. त्याआधी एकच ठरवायचं: मशीनला कोणीतरी रीतसर बंद व्हायला सांगितलं, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळला, की वीज किंवा रीसेटमुळे ते एका क्षणात गेलं? या तीन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत आणि चुकीच्या वाटेवर दोन दिवस सहज जातात.

लिनक्सवर 'लास्ट' कमांड 'एक्स' स्विचसोबत चालवा. रीबूटच्या ओळीच्या आधीच्या वेळेची (यादीत तिच्या खाली) शटडाउनची ओळ असेल तर मशीन नीट बंद झालं होतं. ती नसेल आणि जुन्या लॉगिनपुढे 'क्रॅश' लिहिलेलं दिसलं, तर लगेच 'कर्नल क्रॅश झाला' असं कळवू नका. त्या शब्दाचा तिथे एवढाच अर्थ आहे की शटडाउनची नोंद झाली नाही. वीज गेली तरी तोच शब्द दिसतो.

मग जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींची वही. 'जर्नलसीटीएल'ला 'बी' स्विचसोबत उणे एक दिलं की मागच्या बूटच्या नोंदी मिळतात. त्यांचा शेवट वाचा. एकामागून एक सर्व्हिस थांबत गेल्या आणि शेवटी जर्नलही थांबल्याची ओळ आली, तर शटडाउन रीतसर आहे. आता तो कोणी दिला ते शोधायचं: सुडोच्या (अ‍ॅडमिनच्या हक्काने दिलेल्या आज्ञांच्या) नोंदी, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा), अपडेटची सेटिंग. याउलट क्रॉनची नेहमीची एखादी ओळ आणि पुढे काहीच नाही, तर मशीन अचानक गेलं.

रीतसर शटडाउनमध्ये एक ओळ फार बोलकी असते: लॉगिन सर्व्हिसने लिहिलेली, पॉवर बटण दाबलं गेल्याची नोंद. व्हर्च्युअल मशीनला बटण दाबायला बोट कुणाचं? हा सिग्नल खालच्या हायपरवायझरकडून, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून येतो. म्हणजे कोणी कंट्रोल पॅनेलमधून शटडाउन दिला, नाहीतर होस्टिंगवाल्यांनी देखभालीसाठी खालचं मशीन बंद केलं. ही ओळ सापडली की तुमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये शोधत बसायची गरज उरत नाही. खऱ्या, लोखंडी सर्व्हरवर आणखी एक शक्यता असते. डेटा सेंटरमधल्या तंत्रज्ञाने कीबोर्ड चुकीच्या मशीनला लावून कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं, तर बहुतेक लिनक्स वितरणांत मशीन सरळ रीबूट घेतं.

विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये १०७४ क्रमांकाची नोंद शोधा. कुठल्या प्रोसेसने, कुठल्या युजरच्या नावाने आणि काय कारण देऊन रीबूट मागितला ते त्यात लिहिलेलं असतं. विंडोज अपडेटने रीबूट घेतला असेल तर तो बहुधा इथेच सापडतो. १०७४ नाही आणि ६००८ आहे, म्हणजे शटडाउन अनपेक्षित. सोबत ४१ क्रमांकाची कर्नल-पॉवर नोंद असते आणि तिच्या नावावरून 'वीज गेली' असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. ४१ एवढंच सांगते की मागची वेळ नीट बंद झाली नव्हती. तिच्या तपशिलात बगचेक कोड (क्रॅशचा क्रमांक) बघा. तो शून्य नसेल तर क्रॅशची निळी स्क्रीन आली होती, मग क्रॅशच्या नोंदींचं मिनीडंप फोल्डर उघडा. शून्य असेल तर वीज, रीसेट किंवा पूर्ण गोठलेलं मशीन. शिवाय ४१ ची वेळ मशीन परत सुरू झाल्यानंतरची असते. आधीची वेळ ६००८ च्या मजकुरात मिळते.

शेवटच्या ओळीला गुन्हेगार ठरवणं

अचानक गेलेल्या मशीनच्या लॉगमधली शेवटची ओळ घटनेच्या आधीच्या क्षणाची असेलच असं नाही. सिस्टिमडीचा (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) जर्नल नेहमीच्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंत वेळ घेतो. फक्त अतिगंभीर पातळीच्या नोंदी लगेच उतरतात. मधली काही मिनिटं मेमरीतच राहून गेलेली असू शकतात. साध्या मजकुराच्या लॉग फाइलमध्ये तर शेवटी शून्य बाइट्सची रांग दिसते: एडिटरमध्ये टोपी आणि अ‍ॅटचं चिन्ह, पुन्हा टोपी आणि अ‍ॅट, अशी ओळभर. फाइलची लांबी वाढल्याची नोंद झाली पण मजकूर डिस्कवर पोचलाच नाही, असा त्याचा अर्थ. ही अचानक बंद पडल्याची खूण आहे, व्हायरसची नव्हे.

इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरवर रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिनच्या) पासवर्डचे अंदाज मारणारे बॉट दिवसरात्र येत असतात. शेवटची ओळ त्यांची निघाली म्हणून 'हॅक झालं' ठरवू नका. यशस्वी लॉगिन सापडलं तर गोष्ट वेगळी.

मेमरी संपल्यावर येणारा ओओएम किलरही उगाच बदनाम होतो. तो प्रोसेस मारतो, मशीन रीबूट करत नाही, जोवर कोणी 'पॅनिक ऑन ओओएम' सेटिंग मुद्दाम लावलेली नाही. तसंच कर्नल पॅनिकचं, म्हणजे कर्नल कोसळण्याचं. 'कर्नल डॉट पॅनिक' ही सेटिंग शून्य असेल तर पॅनिकनंतर मशीन गोठून उभं राहतं, स्वतःहून उठत नाही. ते आपोआप परत आलं असेल तर ही सेटिंग, केडंप (क्रॅशच्या वेळी मेमरीची नक्कल काढणारा) आणि वॉचडॉग (अडकलेल्या मशीनला रीसेट देणारा) तिन्ही तपासा. तिन्ही बंद असतील तर संशय बाहेरच्या रीसेटवर किंवा विजेवर जातो. दहा मिनिटांचं काम आहे आणि शोधाचं क्षेत्र निम्मं होतं.

वेळेचा घोळ

बरेचसे भाड्याचे सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि आपण साडेपाच तास पुढे असतो. सकाळी साडेसातला दर काही दिवसांनी रीबूट होतोय, दुकान तर अजून उघडलेलंही नाही, मग कोण करतंय? साडेसात म्हणजे यूटीसीचे पहाटेचे दोन. उबंटू आणि डेबियनवरच्या आपोआप अपडेटमध्ये रीबूटची परवानगी मूळात बंद असते, पण कोणी ती चालू करताना सेटिंग फाइलमधली नमुन्याची 'दोन वाजता' ही ओळही तशीच उघडून ठेवतो. जर्मनीची स्थानिक वेळ असेल तर फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार. मदरबोर्डवरच्या बीएमसीचं (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या चिपचं) घड्याळ आणखी तिसरीच वेळ दाखवत असू शकतं. सगळ्या वेळा आधी यूटीसीत लिहून घ्या, मग ताळमेळ बसवा.

तपासाआधीच दुरुस्ती

पुन्हा एक रीबूट, सगळे अपडेट, वर रॅम वाढवणं, हे सगळं एकाच सकाळी केलं तर नंतर कशाने फरक पडला ते कोणालाच सांगता येणार नाही. क्लाउडवर मशीन थांबवून सुरू केलं तर ते बहुधा दुसऱ्याच हार्डवेअरवर जातं. काम चालू होतं, हे खरं, पण पुरावा मागे राहतो. आधी नकला काढा: जर्नल, लॉगिनच्या नोंदी, क्रॅश डंपचं फोल्डर, पीस्टोअरमधल्या (क्रॅशच्या वेळी कर्नलने जपून ठेवलेल्या) फाइल्स, पॅनेलवरच्या घडामोडींचे स्क्रीनशॉट.

जर्नल डिस्कवर साठतो का, हे आजच बघा. 'व्हार'मधल्या 'लॉग'मध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर नसेल, तर मूळ सेटिंगनुसार नोंदी फक्त मेमरीत राहतात आणि रीबूटसोबत जातात.

लोखंडाला न विचारणं

स्वतंत्र सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर आयपीएमआयची, म्हणजे त्या बीएमसी चिपने ठेवलेली घटना-नोंद वाचल्याशिवाय मत देऊ नका. पॉवर सप्लायचा पुरवठा तुटला, मेमरीत दुरुस्त न होणारी ईसीसी (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चूक आली, वॉचडॉगने हार्ड रीसेट दिला, या गोष्टी ऑपरेटिंग सिस्टिमला लिहायला वेळच मिळत नाही, पण त्या इथे उतरतात.

दुसरा साक्षीदार एनव्हीएमई डिस्क. स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) 'पॉवर सायकल्स' आणि 'अनसेफ शटडाउन्स' हे आकडे असतात. वीज न तोडता होणाऱ्या साध्या वॉर्म रीबूटने पॉवर सायकल सहसा वाढत नाही, खरोखर वीज तुटली तर दोन्ही वाढतात. अर्थात आधीचा आकडा माहीत हवा, म्हणून दर आठवड्याला तो एका फाइलमध्ये लिहिणारी क्रॉनची ओळ आजच टाका. व्हर्च्युअल मशीनवर मात्र हा उपाय चालत नाही, तिथली डिस्कच आभासी असते.

तापमानाबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं, कारण नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. सर्व्हर मुंबईच्या किंवा जर्मनीच्या वातानुकूलित हॉलमध्ये आहे, त्याला आपल्या उन्हाशी देणंघेणं नाही. प्रोसेसर धोकादायक पातळीवर तापला तर मशीन बंद होऊन पडतं. ते आपोआप सुरू झालं असेल तर उष्णतेचा संशय मागे ठेवा.

होस्टिंगवाल्यांना मोघम मेल

'सर्व्हर रीबूट झाला, कृपया तपासा' या मेलला 'सर्व्हर सुरू आहे, आमच्याकडे सगळं ठीक' असंच उत्तर येणार. मेलमध्ये सर्व्हरचा आयडी, यूटीसीतली शेवटची आणि परतीची नोंद, शटडाउनची ओळ नसल्याचा उतारा आणि पॉवर सायकलचा वाढलेला आकडा द्या. मग नेमके प्रश्न: त्या वेळेत या रॅकमध्ये कोणी काम करत होतं का? त्याच पीडीयूवरची (रॅकला वीज वाटणाऱ्या पट्टीवरची) इतर मशीन बंद झाली का? तुमच्याकडून पॉवर सायकल दिला गेला का? अशा मेलला साच्यातलं उत्तर देणं अवघड जातं.

मोठ्या क्लाउडवर विचारण्याआधी स्वतः बघा. गुगल क्लाउडच्या सिस्टिम इव्हेंट लॉगमध्ये 'होस्ट एरर' अशी नोंद मिळते, अ‍ॅझ्युअरमध्ये रिसोर्स हेल्थ आहे, अ‍ॅमेझॉनवर क्लाउडट्रेलमध्ये रीबूटची आज्ञा कोणाच्या खात्यातून गेली ते दिसतं आणि नियोजित देखभालीची सूचना वेगळी असते. ती सूचना बहुतेकदा खात्याच्या मालकाच्या ईमेलवर जाते, आणि तो ईमेल कंपनी सोडून गेलेल्या कोणाचा तरी असतो. पत्ता बदलून घ्या.

एवढं करूनही एकाच रीबूटचं कारण सापडलं नाही, तर सुटे भाग बदलायला धावू नका. काय तपासलं, काय बाद झालं हे तारखेसह लिहा, लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायला लावा, कर्नलचे शेवटचे संदेश नेटवर्कवरून बाहेर पाठवणारा नेटकन्सोल आणि केडंप चालू करा. केडंप थोडी मेमरी राखून घेतो, ती द्या. दुसऱ्यांदा झालं तर ग्राहकाकडून एका रात्रीचा बंद वेळ मागून घ्या आणि होस्टिंगवाल्यांना पूर्ण मेमरी चाचणी लावायला सांगा.