कॅमेऱ्यातील बिट डेप्थ: १२ की १४?

कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात डिजिटल नसतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन साठतात, त्यांचे व्होल्टेज होते आणि ते व्होल्टेज मोजून त्याला पूर्णांकात बसवण्याचे काम ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर करतो. या मोजपट्टीवर खुणा किती, हे बिट डेप्थ सांगते: ८ बिटला २५६, १२ बिटला ४,०९६, १४ बिटला १६,३८४. खुणा वाढल्याने पट्टी लांब होत नाही, फक्त बारीक होते. उजेड-अंधाराचा किती पल्ला पकडता येईल, हे मुख्यतः पिक्सेलची साठवणक्षमता आणि नॉइज (मोजणीत मिसळणारा अनियमित गोंधळ) यांवर ठरते.

या खुणा सर्व छटांना सारख्या मिळत नाहीत, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रॉ फाइलमधील (सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या नोंदीतील) मोजणी रेषीय, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणात, असल्याने १२ बिटमध्ये सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) २,०४८ पायऱ्या, म्हणजेच खुणा, मिळतात, त्याखालच्याला १,०२४, आणि अशा निम्म्या होत होत सातव्या स्टॉपला केवळ ३२ उरतात. १४ बिटमध्ये त्याच सातव्या स्टॉपला १२८ मिळतात. म्हणजे फरक दिसला, तर तो सावल्यांत दिसेल.

तो स्वतः पाहावा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेची मांडणी) १०० ठेवावा, एकच दृश्य १२ आणि १४ बिट रॉमध्ये चार-पाच स्टॉप कमी एक्स्पोजरने टिपावे, मग दोन्ही फाइलींचे एक्स्पोजर संगणकावर तितकेच वाढवून गडद भाग शंभर टक्के झूमवर तपासावा. १२ बिटच्या फाइलीत सावल्यांना हिरवट किंवा जांभळट झाक आली आणि दुसरीत ती नसली, तर आपल्या कॅमेऱ्यात १४ बिटचा उपयोग आहे. हीच चाचणी आयएसओ ३२०० वर केल्यास फरक बहुधा दिसणार नाही, कारण तेथे नॉइजच एका पायरीहून मोठा असतो आणि जादा बिट केवळ तो नॉइज अधिक बारकाईने मोजत बसतात.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिटच असतात, त्यामुळे आकाशाच्या सलग निळ्या छटेवर जोरदार संपादन केल्यास पट्टे उमटतात. असे काम रॉवरून करून मधली प्रत १६ बिट टिफ फाइलमध्ये ठेवावी.

काही कॅमेरे वेगवान बर्स्ट (सलग छायाचित्रे टिपणे) किंवा इलेक्ट्रॉनिक शटर निवडताच आपोआप १२ बिटवर उतरतात. मेनूत १४ दिसत असले तरी आपण वापरत असलेल्या शटर मोडला ते लागू आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.